सोनाकुडीची नदी

सोनाकुडीत एकंदर अकरा विहिरी होत्या आणि त्यांतल्या चार कोरड्या होत्या, हे आज जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. एक मी, आणि दुसरे ज्यांनी त्या विहिरी खणल्या ते. खणल्या म्हणजे कागदावर. सोनाकुडी नावाचं गाव कुठेच नाही. वीस वर्षांपूर्वी चेन्नईत तयार होणाऱ्या एका टीव्ही मालिकेतलं ते गाव. वायुवीर नावाचा उडणारा महापुरुष दर रविवारी सकाळी त्याचं रक्षण करी. एरवी तो तिथल्या सहकारी बँकेत कारकून असे. जगाचा नाश करू पाहणाऱ्या प्रत्येक राक्षसाला सुरुवात या आडगावापासूनच का करावीशी वाटे, हे कोणी विचारलं नाही. उत्तर सोपं होतं. आमच्याकडे सेट तेवढा एकच होता.

हल्ली मला त्या गावाचा जनक म्हणतात. मी त्या मालिकेचा कथाविभाग सांभाळत होतो, म्हणून असेल. मी मूळचा साताऱ्याकडचा. बायकोची बँकेतली बदली इकडे झाली, तिच्यामागून मी आलो, आणि हिंदी-मराठी संवाद लिहिता लिहिता त्या खुर्चीवर जाऊन बसलो. पण गाव माझं नव्हे. ज्यांचं होतं त्यांच्याशी मी जे केलं ते वीस वर्षं पोटात ठेवलं. आता सत्तरी उलटली आहे.

ते आमच्याकडे आले ते एका दिवसाच्या कामासाठी. सेटवरच्या पंचायत कचेरीच्या भिंतीवर गावाचा नकाशा टांगायचा होता. कोणीतरी म्हणालं, सर्व्हे खात्यातून रिटायर झालेला एक म्हातारा आहे, तास-दोन तासांत काढून देईल. चेन्नईच्या गिंडी भागातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये आमचं ऑफिस होतं. शेजारी नट-बोल्ट तयार करणारं युनिट, त्यामुळे आमच्या सगळ्या चर्चा ठणठण आवाजात चालत. ते आले तेव्हा अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात काळं आणि लाल अशी दोन पेनं आणि एक पितळी होकायंत्र. आत येताच त्यांनी होकायंत्र तळहातावर धरलं, सुई थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि मग आपली खुर्ची उत्तरेकडे फिरवून बसले. त्यामुळे त्यांची पाठ निर्मात्याकडे झाली.

"गावांत पाणी कोठून येतें?" त्यांनी भिंतीला विचारलं.

निर्मात्याने दिग्दर्शकाकडे पाहिलं, दिग्दर्शकाने माझ्याकडे.

"पाणी नाहीं तर गाव कसें?" ते म्हणाले. "अय्यो, पहिलें पाणी. मागून माणसें. तुमचा तो उडणारा अगदीं शेवटीं."

मला त्यांच्या भाषेचाच धक्का बसला होता. ते तंजावरचे मराठी. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या लोकांपैकी. त्यांची मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी, आणि मध्येच तमिळ 'सेरी', म्हणजे 'बरं', किंवा 'अय्यो'. मी आपला अभिमानाने विचारलं, "आपण मराठी?" तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आम्हीं मराठीच. तुम्हीं?"

एका दिवसाचं काम चार वर्षं चाललं.

सुरुवातीला आम्ही त्यांना हसायचो. पुढेही हसायचोच, पण हळू आवाजात. त्यांनी सोनाकुडीची एक फील्ड बुक घातली होती. मोजणीवाल्यांची असते तशी लांबट, कापडी बांधणीची वही. तिच्यात गावातली प्रत्येक गल्ली, गटार, हद्दीचा दगड, कोणाच्या परसात चिंच आणि ती चिंच शेजाऱ्याच्या परसात किती झुकली आहे, हे सगळं पावलांच्या हिशेबाने लिहिलेलं असे. त्या वहीचा एक नियम होता. खोडरबर वापरायचा नाही. चूक झाली तर लाल शाईची एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहायचं आणि बाजूला आद्याक्षरांची सही करायची.

"चूक लपवायची नाहीं," ते सांगत. "चुकीला धनी पाहिजे. धनी नसलेली चूक गावभर फिरते."

त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. मालिकेचा एकही भाग त्यांनी पाहिला नव्हता. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गाव मला माहीत आहे. टीव्हींत आणखी काय पाहायचें?" वायुवीराबद्दल त्यांचं मत वाईट होतं. जो माणूस रस्त्यावरून चालत नाही त्याला गावचा कसा म्हणायचा, हा त्यांचा मूळ आक्षेप. शिवाय तो नुकसान फार करी. राक्षसाशी झालेल्या प्रत्येक मारामारीनंतर ते सेटवर जाऊन पंचनामा करत. पाण्याची टाकी एक, भेग पडलेली. चहाच्या दुकानाचं छप्पर, अर्धं. बसथांबा, संपूर्ण. कलाविभागाचे लोक पुढच्या रविवारसाठी टाकी लिंपायला निघाले, तर हे आडवे उभे राहिले.

"आठ भाग थांबा."

"सार, आठ भाग? लोक म्हणतील टाकी अजून फुटलेलीच?"

"म्हणूं दे की. तालुका ऑफिसांतून मंजुरी यायची आहे."

आणि खरोखर, आठ रविवार ती टाकी फुटकी राहिली. सोनाकुडीच्या बायका घागरी घेऊन दूरच्या विहिरीवर जाताना मागे दिसत राहिल्या, पुढे वायुवीर जग वाचवत होता. प्रेक्षक त्या टाकीवर जीव टाकू लागले. वायुवीर चंद्रावर गेला त्या आठवड्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं टाकी कधी दुरुस्त होणार हे विचारणारी होती. एका इंग्रजी पेपराने 'या मालिकेतला वास्तववाद' असा लेख छापला. त्यात माझा फोटो होता. मी तो कापून फ्रेम करून घेतला. त्यांना दाखवला, तर त्यांनी फोटोत माझ्यामागे दिसणाऱ्या नकाशाकडे बोट केलं. "वांकडा टांगलाय," म्हणाले.

राक्षसाच्या अड्ड्याची गोष्ट आमच्या ऑफिसात दंतकथाच झाली. दिग्दर्शकाला तो गावाच्या दक्षिणेला, शेताच्या मधोमध हवा होता. जमीन फाटते, धूर येतो, वगैरे. हे म्हणाले, जमणार नाही. तिथे पोरंबोक नाही. पोरंबोक म्हणजे कोणाच्याही मालकीची नसलेली सरकारी जमीन. तमिळमध्ये ती शिवीही आहे, त्यामुळे दिग्दर्शक आधी चपापला.

"सार, तो राक्षस आहे. तो जमीन कोणाची आहे हे कशाला बघेल?"

"नको पाहूं दे. ज्याची जमीन तो गप्प कां बसला? मुरुगेसन म्हणून एक शेतकरी आहे तेथें, तिसऱ्या पानावर पाहा. शेजाऱ्याची म्हैस बांधावर आली तर कोर्टांत जातो तो. राक्षसाला सोडील?"

"मग राक्षस मुरुगेसनला मारेल."

"मारूं दे. मग त्याचे दोघे मुलगे वाटणीला येतील. तुमची गोष्ट तीन वर्षें तेथेंच राहील. पाहा बाबा."

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. अड्डा शेवटी पश्चिमेच्या पोरंबोक जमिनीवर, नदीकाठी गेला. राक्षसालाही कायदा पाळावा लागला असं हे एकच गाव असावं.

आता नदीकडे येतो. टाळून टाळून किती टाळणार.

सोनाकुडीची नदी गावाच्या पश्चिमेला होती. पूर्वेला उंचवटा, त्यावर शाळा. दुसऱ्या वर्षीच्या एका भागात पूर येतो आणि सगळं गाव शाळेत आसरा घेतं, असं दाखवलं होतं. म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर घेऊन पोरं तो उंचवटा चढतात. तो भाग लोक अजून पाहतात.

चौथ्या वर्षी दिग्दर्शकाच्या डोक्यात एक दृश्य आलं. वायुवीर नदीतून वर येतो आणि त्याच्या मागे उगवता सूर्य. शोळिंगनल्लूरच्या पलीकडे एक तळं मिळालं होतं, तारीख ठरली होती, पाण्यातून माणूस वर काढायची क्रेन बोलावली होती. अडचण एवढीच, की नदी पश्चिमेला.

मी त्यांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"मग सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणून लिहा," ते म्हणाले. "तें परवडेल. नदी हलत नाहीं."

"अहो, एका दृश्यापुरतं! कोण बघतंय?"

"तेथें लोक राहतात."

"कुठे?"

त्यांनी वही माझ्यापुढे उघडून धरली.

दिग्दर्शक माझ्या डोक्यावर बसला होता. फील्ड बुकात असेल तेच चित्रित करायचं, हा नियम निर्मात्यानेच केला होता, वास्तववादाचं कौतुक झाल्यापासून. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला ते नेहमीप्रमाणे दहीभाताचा डबा घेऊन गच्चीवर गेले. लाल पेन टेबलावरच होतं. मी वही उघडली. 'पश्चिम' या शब्दावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर 'पूर्व' लिहिलं. आणि बाजूला त्यांच्या आद्याक्षरांची सही केली. चार वर्षं ती सही रोज पाहत होतो, हात जरासुद्धा अडखळला नाही. शेजारच्या शेडमधली ठणठण तेवढी चालू होती.

दृश्य सुरेख झालं. पण दिग्दर्शकाला पूर्वेची नदी आवडली. वर्षअखेरच्या भागात त्याने तिला पूर आणला, आणि पूर अर्थातच पूर्वेला चढला. शाळा बुडाली. ज्या शाळेत सगळं गाव वाचलं होतं, तीच.

पत्रांची पोती आली. लोक चिडले नव्हते, दुखावले होते. एका बाईंनी लिहिलं होतं, त्या रात्री आम्हांला तुम्ही त्या उंचवट्यावर नेऊन सुखरूप ठेवलंत, आता तो उंचवटाच नव्हता म्हणता? वाहिनीचे मोठे साहेब स्वतः गिंडीला आले. ही चूक कोणाची, एवढंच त्यांना हवं होतं. खोलीत सहा-सात माणसं होती. ते उत्तरेकडे तोंड करून बसले होते. मी वही आणली, ते पान उघडलं, आणि म्हणालो, "दुरुस्ती त्यांनीच केली आहे. ही सही."

साहेबांनी वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चष्मा पुसला. सही पाहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सही माझ्या सहीसारखी आहे."

"म्हणजे तुमची?"

"फील्ड बुकांत आहे तर माझीच म्हणायची."

साहेबांना तेवढं पुरलं. संध्याकाळच्या आत त्यांना कामावरून काढलं. होकायंत्र त्यांनी नेलं, वही ठेवून गेले. जाताना मला म्हणाले, "सातव्या विहिरीचा कठडा पडायला आला आहे. पाहा." मी हो म्हटलं.

पुढे आठ महिन्यांत मालिका बंद पडली. त्यांच्यामागे गावाला कोणी वाली राहिला नाही. विहिरी हव्या तिथे जाऊ लागल्या, मुरुगेसनच्या शेतात विमानतळ झाला. ऑफिस आवरताना मी ती वही घरी आणली. सेट होता तिथे आज काचेच्या उंच इमारती आहेत. चार वर्षं दर आठवड्याला एक राक्षस येऊन जे जमलं नाही, ते बिल्डरने एका उन्हाळ्यात केलं.

एवढ्यावर सगळं मिटलं असतं आणि मीही मिटून गेलो असतो. पण गेल्या वर्षी ती मालिका मोबाइलवर आली. जुन्या प्रेक्षकांची मुलं आता त्याच काचेच्या इमारतींत नोकरीला आहेत, त्यांनी चाहत्यांचा संघ काढला. अड्यारच्या एका हॉलमध्ये मेळावा भरला आणि मला 'सोनाकुडीचे जनक' म्हणून शाल देण्यात आली. नदीची चूक हा त्या मंडळींचा सर्वांत लाडका विनोद आहे. जुन्या ऑफिसातल्या कोणाकडे तरी त्या पानाची झेरॉक्स होती. ते पान त्यांनी टी-शर्टवर छापलं आहे, सहीसकट. कोणी पत्ता चुकला, की ते एकमेकांना म्हणतात, "काय रे, सर्व्हेअर झालास का?" व्यासपीठावर एका मुलीने मला विचारलं, "सर, तो सर्व्हेअर खरंच इतका वेंधळा होता?" समोर दीडेकशे माणसं हसत होती. मीही हसलो. शाल अंगावर होती.

घरी आल्यावर मी कपाटातून ती वही काढली.

चार दिवसांनी वही पिशवीत घातली आणि त्यांच्या घरी गेलो. ऐंशी ओलांडली आहे त्यांनी. खुर्ची उत्तरेकडे. त्यांच्या पत्नीने मला ओळखलं, पाणी दिलं आणि आतल्या दारात उभ्या राहिल्या. मी बाहेरचं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. गच्ची, लाल पेन, सगळं.

"माहीत होतें," ते म्हणाले.

"मग बोलला का नाही?"

त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग, मोजणी शिकणाऱ्याला समजवावं तसं त्यांनी सांगितलं, "एक सही खोटी म्हणून मी सांगितलें, तर बाकीच्या चारशें खऱ्या म्हणून कोण धरील? विहिरी, हद्दी, मुरुगेसनचा बांध, सगळें संशयांत आलें असतें. माझें एकट्याचें काय?"

मी पिशवीतली वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. ते ती चाळू लागले. "मागून पूर्वेची नदी किती पानांवर लिहिली आहे?"

"मी... पाहिलं नाही."

"पाहा," ते म्हणाले, आणि खिशातलं लाल पेन माझ्या हातात दिलं.

मी त्या पहिल्या पानावर रेघ मारली. 'पूर्व' खोडून 'पश्चिम' लिहिलं. बाजूला, आयुष्यात प्रथमच त्या वहीत, माझी स्वतःची आद्याक्षरं घातली. हलकं वाटलं. इतकं हलकं की मी उठायलाच लागलो.

"बसा," दारातून आवाज आला.

त्या माणसाला चाळीस वर्षं दहीभाताचा डबा देणाऱ्या बाईंचा आवाज मी तोवर धड ऐकलाही नव्हता.

"तें बुक कोण वाचणार आहे? कपाटांत जाईल. ह्यांना विहिरींचें पडलें आहे. मला माझ्या घराचें. माझा सख्खा भाऊ पेपरांत वाचून सगळ्यांच्या देखतां बोलला, तुझ्या यजमानांना पूर्व-पश्चिम कळत नाहीं म्हणून सर्कारनें तरी कसें ठेवून घेतलें. वीस वर्षें मी त्याच्या घरीं गेलें नाहीं. गेल्या महिन्यांत नातू तो शर्ट घालून आला. आजोबांची सही आहे म्हणून त्याला माहीतसुद्धां नाहीं. छातीवर घेऊन फिरतो. हे पाहून हांसले. मी नाहीं हांसलें." त्या एक पाऊल पुढे आल्या. "आणि तुम्हीं दार लावून, हळूच, आमच्याच घरांत येऊन आम्हांला सांगतां? आम्हांला ठाऊक आहे हो. ज्यांना ठाऊक नाहीं त्यांना सांगा. दार उघडें ठेवून सांगा."

"असूं दे ग," ते म्हणाले.

"तुमचें चारशें सह्यांचें झालें. हें माझें आहे."

दुसऱ्या दिवशी मी चाहत्यांच्या संघाच्या मुख्य मुलाला फोन केला. सगळं सांगितलं. तो थक्क झाला. "सर, हा तर जबरदस्त ट्विस्ट आहे! पुढच्या मेळाव्यात तुम्हीच हे करून दाखवा ना, लाल पेन घेऊन." मी म्हटलं, करून दाखवायचं नाही, सांगायचं आहे; आणि ते शर्ट मागे घ्या. तो जरा घुटमळला. "पण सर, दुसरी खेप छापून झाली आहे." मग समजूत घालावी तसं म्हणाला, "आणि लोकांना सर्व्हेअरच आवडतो, सर. खोटी सही कोण घालेल अंगावर?"

म्हणून हे लिहिलं. लिहून झाल्यावर छापायला देण्याआधी ते दोघांना वाचून दाखवायला गेलो. दार उघडंच ठेवलं. शेजारचे गृहस्थ जिन्यात थांबून ऐकत होते, त्यांनाही ऐकू दिलं. यजमानांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. टाकी फुटकी राहिली ती आठ नव्हे, नऊ रविवार. आठ भागांची मंजुरी आणि एक रविवार सिमेंट वाळायला. आणि मुरुगेसन पाचव्या पानावर आहे. मजकुरात मी मुद्दाम दोन्ही चुका तशाच ठेवल्या आहेत, इथे त्या माझ्या म्हणून नोंदवतो. एके ठिकाणी मी त्यांना 'थोर माणूस' म्हटलं होतं. बाईंनी ते काढायला लावलं.

"थोरपण नको. तें दिलें कीं लोक चूक विसरतात."

मी ते काढलं. मग विचारलं, सगळ्या लेखात त्यांचं नाव कुठेच आलं नाही, आता शेवटी तरी घालू का, लोकांना कळू दे.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते दिव्याखाली वही धरून पूर्वेची नदी आणखी कोणत्या पानांवर आहे ते शोधत होते.

"ह्यांचें पुष्कळ झालें," त्या म्हणाल्या. "आतां तुमचें घाला."